बोरटोल्याची पाटी

गाडीतून उतरलो तेव्हा फलाटावर दोन गावांची माणसं दोन बाजूंना उभी होती. मधली जागा मोकळी होती. मी रंगाचे चार डबे, ब्रशांची पिशवी आणि केरोसिनचा कॅन घेऊन त्या मोकळ्या जागेत उतरलो. डावीकडचे म्हणाले, आला पेंटर. उजवीकडचे माझ्या डब्यांकडे बघत राहिले.

जानेवारी महिना होता. मी चोवीस वर्षांचा होतो. तोवर माझी कामं म्हणजे ट्रकांचे नंबर, किराणा दुकानांच्या पाट्या आणि लग्नघराच्या भिंतीवरचे गणपती. रेल्वेचं काम पहिलंच होतं, तेही एका ठेकेदाराच्या ओळखीनं मिळालेलं. अरुंद रुळांच्या छोट्या गाडीचं बोरटोला नावाचं स्टेशन, तिथं एकच पाटी, ती खरवडून नव्यानं रंगवायची. एका दिवसाचं काम, असं ठेकेदार म्हणाला होता.

स्टेशनमास्तर निखाडे मला हाताला धरून त्यांच्या खोलीत घेऊन गेले, दार लोटलं आणि चहा पुढे ठेवला. मग सगळं सांगितलं. स्टेशनाच्या एका अंगाला बोरटोला, दुसऱ्या अंगाला चिचखेडा. नाव बोरटोल्याचं, पण फलाटाची अर्धी जमीन चिचखेड्याच्या शिवारातली. आठ वर्षांपासून दरवर्षी कोणीतरी पाटीवर डांबर फासतं. बोरटोल्याचे म्हणतात, हे चिचखेड्याचं काम. चिचखेड्याचे म्हणतात, आमच्यावर नाव यावं म्हणून बोरटोल्याचेच फासतात. दोन वेळा डोकी फुटली होती. एक लग्न मोडलं होतं. दोन्ही गावांचा बाजारचा दिवस एकच, पण माणसं बैलगाडीच्या वेगळ्या वाटेनं जात.

आणि आता वरून पत्र आलं होतं. उद्या अकरा वाजता तपासणीची गाडी येणार. या वेळीही पाटी काळी दिसली, तर इथला थांबा बंद. तसंही डब्यात माणसं कमी होत चालली होती, वरच्यांना कारणच हवं होतं. मग सकाळची नऊची आणि दुपारची साडेचारची, दोन्ही गाड्या शिट्टी वाजवून निघून जाणार, आणि पुढचं स्टेशन तीन कोसांवर, मध्ये नदी.

मी विचारलं, गाडीनं जातं कोण? मास्तरांनी बोटांवर मोजत सांगितलं. चिंच आणि शिंगाडे विकणाऱ्या बाया, तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या पाच पोरी, दोन्ही गावच्या शाळेतल्या बाई, आणि दवाखान्यात जाणारे. या पाच पोरींमध्ये तीन बोरटोल्याच्या, दोन चिचखेड्याच्या. गावातल्या बापांचं बोलणं नाही, पण पोरी एकाच डब्यात बसतात.

"तू फक्त अक्षरं नीट काढ," मास्तर म्हणाले. "बाकीचं मी बघतो."

पण त्यांचा चेहरा बघून वाटलं, बाकीचं त्यांच्याही हातात नव्हतं.

पाटी फलाटाच्या टोकाला होती. सागवानी फळी, माझ्या दोन हातांएवढी लांब. डांबर इतकं जाड होतं की केरोसिन ओतून पत्र्यानं खरवडायला घेतलं तर पोळीसारखं निघायचं. दोन्हीकडची माणसं बघायला थांबली होती. एकीकडे बोरटोल्याचे सरपंच हेमराज कटरे, उंच, शांत. दुसरीकडे चिचखेड्याचे काशिराम बोपचे, गोल चेहऱ्याचे, तंबाखू मळत. दोघांनीही मला वेगवेगळं येऊन जेवायला बोलावलं होतं. मी दोघांनाही हो म्हटलं होतं, आणि पुढं दोन्हीकडे जेवलोही. कटऱ्यांकडे वाटाण्याची भाजी होती, बोपच्यांकडे मोहाची भाकर. हे सांगून टाकतो, कारण पुढे गडबडीत राहून जाईल.

डांबराखाली बोरटोला निघालं. त्याच्याखाली आधीच्या कुणा पेंटरचं बोरटोला, जरा वाकडं. मी खरवडत राहिलो, कारण नवा रंग धरायला लाकूड लागतं. तिसऱ्या थराखाली फळी काळी होती आणि त्या काळ्यावर पांढऱ्या रंगाची फिकी रेघ दिसली. मला वाटलं, बोरटोल्याचा ब असेल. केरोसिनचा बोळा फिरवला. ब नव्हता, भ होता. मग वेलांटी, मग व.

मी हात थांबवला. मास्तरांना हाक मारली. मागे माणसं सरकत सरकत जवळ आली, दोन्ही बाजूंनी, आणि पहिल्यांदाच मधली मोकळी जागा भरली. मी हळूहळू घासत गेलो आणि सगळं नाव बाहेर आलं. भिवरा. खाली इंग्रजीत काहीतरी होतं, पण ते झिजून गेलं होतं.

मग काशिरामजींनी विचारलं, हे कोण? मास्तर म्हणाले, माहीत नाही. हेमराजजीही तेच म्हणाले. मग गर्दीतून कोणीतरी म्हणालं, झिबलबाबाला विचारा.

झिबलबाबा रेल्वेचा निवृत्त पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा. पंच्याऐंशीच्या पुढचा, काटक, डोक्याला निळी पट्टी. स्टेशनाच्या मागे, दोन शिवारांच्या बांधावर, एका बंद विहिरीशेजारी त्याची झोपडी होती. त्यामुळे तो कुठल्याच गावाचा म्हणून धरला जात नसे, आणि म्हणूनच भांडणात त्याला कोणी ओढतही नसे. मास्तरांनी हमालाला पाठवून त्याला आणलं. तो आला, पाटीसमोर उभा राहिला आणि उभाच राहिला. वाचता येत नव्हतं त्याला.

"वाच रे बापा," तो मला म्हणाला.

मी वाचून दाखवलं.

तो खाली बसला. मग जे सांगितलं ते एका दमात नाही, मधे मधे थांबत सांगितलं. भिवरा त्याची आजी. जन्म चिचखेड्याचा, दिली बोरटोल्यात. नवरा लवकर गेला. दोन गावांच्या बांधावर तिचं शेत होतं आणि त्या शेतात विहीर, उन्हाळ्यातही न आटणारी. तेव्हा दुष्काळाच्या कामावर ही लाइन टाकत होते. इथून पुढं चढ आहे, इंजिनाला पाणी लागायचं आणि जवळपास दुसरं पाणी नव्हतं. साहेब तिच्या दारात आला. तिनं विहीर दिली. साहेब मोबदला देत होता, तिनं घेतला नाही. म्हणाली, माझ्या पाण्यावर गाडी चालणार, तर माझ्या दारात थांबली पाहिजे. माझ्या सासरच्या बाया आणि माहेरच्या बाया, दोघी इथूनच बसतील. म्हणून स्टेशन झालं. इंजिनवाले नाव काय म्हणायचे, भिवराची विहीर. त्यातलं भिवरा पाटीवर लिहिलं गेलं. पुढं तिकीट खिडकी आली, बोरटोल्याच्या जमीनदारानं, मालगुजारानं, साहेबाला सांगून आपल्या गावाचं नाव लावून घेतलं. मग डिझेल आलं, विहिरीचं काम संपलं. मग विहीर बंद झाली.

त्याची गोष्ट संपली तेव्हा दुपारचं ऊन फलाटावर आलं होतं. मला वाटलं, आता सगळे शांत होतील. पण काशिरामजी उठून म्हणाले, "म्हणजे आमची लेक होती ती." त्यावर हेमराजजी म्हणाले, "आणि आमची सून." मग वाद सुरू झाला, पण वादाची दिशा बदलली होती. सकाळपर्यंत नाव आपलं, हे दोघांचं म्हणणं होतं. आता भिवराबाई आपली, हे दोघांचं म्हणणं. एकजण म्हणाला, लेक दिली की ती परक्याची. दुसरा म्हणाला, मग तुझी बहीण तुझ्या घरी राखी बांधायला काऊन येते? हसणं सुरू झालं. शाळेतल्या बाई एका बाजूला उभ्या होत्या, त्या मास्तरांना म्हणाल्या की आठ वर्षांत या दोन गावांना एकत्र हसताना मी पहिल्यांदा बघते आहे.

पण पाटीवर नाव लिहायचं ते हुकमाप्रमाणेच. मास्तरांनी ते सगळ्यांना सांगितलं. कागदावर, तिकिटावर, वेळापत्रकावर सगळीकडे बोरटोला आहे, पेंटरच्या हातात काही नाही. लोक मान हलवून गेले. दोन्ही गावांनी एक-एक राखणदार द्यायचा असं ठरलं, म्हणजे उद्या अकरापर्यंत कोणी पाटीला हात लावू नये.

मग मी पिवळा रंग मारला. रुंद ब्रश होता, चार फटकाऱ्यांतच सगळं झाकलं गेलं. मी मागे वळलो तर झिबलबाबा तिथंच होता. त्याच्या डोळ्यासमोरच भिवरा गेली. तो पाठ फिरवून बांधाकडे चालू लागला. मला कसंतरी वाटलं, पण ऊन होतं, रंग वाळत होता, मला पुढचं काम होतं. संध्याकाळी अक्षरांचा पहिला हात दिला. दुसरा हात पहाटे द्यायचा, म्हणजे थंडीत न फाटता बसतो.

मास्तरांनी वेटिंगच्या खोलीत मला घोंगडं दिलं. पहाटे उठलो तेव्हा धुकं होतं. फलाटाच्या टोकाशी दोन्ही राखणदारांनी शेकोटी केली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना ते झोपले होते. मधे पत्त्यांचा डाव पसरलेला होता. बोरटोल्याचा माणूस चिचखेड्याच्या माणसाच्या घोंगड्याचा कोपरा पांघरून होता.

आणि पाटीसमोर झिबलबाबा उभा होता. एका हातात तेलाच्या डब्यासारखा जुना डबा. त्यातून वास येत होता. तो वास मी आदल्या दिवशी सकाळभर नाकात भरून घेतला होता.

मी त्याच्या जवळ गेलो. तो दचकला नाही.

"तुम्हीच?" मी विचारलं.

"मीच," तो म्हणाला. "आठ वर्सं झाली. विहीर बंद केली तवापासून."

त्याचा आवाज अगदी साधा होता, लाइनीवर कोणती गाडी आली हे सांगावं तसा. मग म्हणाला की एका मास्तराला त्यानं विचारलं होतं, पाटीवर नाही तर विहिरीवर तरी तिचं नाव लिहा. तो मास्तर हसला. पुढचाही हसला. हे निखाडे मास्तर आले तोवर त्यानं विचारणंच सोडलं होतं. नाव वाचता येत नव्हतं, पण ते तिचं नाही एवढं ठाऊक होतं. म्हणून त्यानं डांबर उचललं. गावांनी एकमेकांवर ढकललं, त्यानं ढकलू दिलं. तेवढं चुकलं, असं तो म्हणाला. दोन डोकी फुटली तेव्हा रडलो, पण तोवर सांगायची वेळ निघून गेली होती.

"काल तिचं नाव दिसलं," तो पुढे म्हणाला. "पंच्याऐंशी वर्सांत पहिल्यांदा. अन् तू तिले झाकलं. तिले दुसऱ्यांदा मसणात पोचवून आलो असं वाटलं मले."

राखणदारांपैकी एकजण कुशीवर वळला. ओरडायचं ठरवलं असतं तर एका हाकेचं काम होतं. मी पाटीकडे बघितलं, माझी अक्षरं होती, नवी, पहिल्या सरकारी कामाची. पण पुढं जे बोललो ते ती वाचवायला नव्हे, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकतो. मला एवढंच आठवलं की आदल्या दिवशी त्यानंच काय सांगितलं होतं.

"बाबा, आजीनं साहेबाला नाव मागितलं होतं?"

"नाही," तो म्हणाला.

"मग काय मागितलं होतं?"

"गाडी," तो म्हणाला. "दारात थांबली पायजे म्हणे."

"आज हे डांबर लागलं तर थांबणार नाही."

धुक्यात कुठेतरी कोंबडा आरवला. बाबानं डबा खाली ठेवला. तो कलंडू नये म्हणून मी पकडला. मग तो फलाटाच्या कडेवर बसला, पाय रुळांकडे सोडून, आणि म्हणाला की बरोबर आहे, तिनं मागितलेली गाडी जाऊन चालणार नाही. मी डबा नेऊन झुडपात लपवला. परत आलो तेव्हा तो तसाच बसला होता.

मी अक्षरांचा दुसरा हात देऊन घेतला. मग मास्तरांना जाऊन उठवलं. डांबराचं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की पाटीवर नाही, पण विहिरीचा कठडा तर कुठल्याच कागदावर नाही ना? मास्तर ब्रशाकडे बघत राहिले आणि म्हणाले, कठडा रेल्वेच्या कुंपणाच्या बाहेर आहे, मला तिथलं काही दिसत नाही. ते मुद्दाम पाठ फिरवून दात घासायला गेले.

कठडा जुन्या चुन्याचा होता, खडबडीत. उरलेला काळा रंग पुरला. मी आजवर काढलेल्या अक्षरांत ती सगळ्यात मोठी. बाबा बाजूला उकिडवा बसून एकेका अक्षराचं नाव विचारत होता. हे भ. ही वेलांटी. हे व. हा रा. मी "भिवराची विहीर" पुरं केलं तेव्हा त्यानं हात पुढे केला.

"ओलं आहे, बाबा."

"असू दे," तो म्हणाला, आणि भच्या पोटातून बोट फिरवत, वेलांटीवरून, शेवटपर्यंत गेला. अक्षरं जराशी फिसकटली. मी ती पुन्हा नीट केली नाहीत.

साडेदहाला दोन्ही गावं जमली. या वेळी दोन बाजू धरायला कोणी आठवणीनं उभं राहिलं नाही, कारण सगळ्यांना कठड्यावरची अक्षरं जवळून बघायची होती. कॉलेजच्या पाच पोरी गाडी चुकवून थांबल्या होत्या. अकराच्या सुमाराला एका डब्याची तपासणीची गाडी आली. साहेब उतरले, जाड भिंगाचा चष्मा, हातात वही. पाटीसमोर उभे राहिले. पाटी पिवळी आणि स्वच्छ होती. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यांची नजर पलीकडे कठड्यावर गेली आणि त्यांनी मास्तरांना विचारलं की भिवरा कोण?

मास्तर उत्तर देणार एवढ्यात काशिरामजी म्हणाले, आमची लेक. त्याच वेळी हेमराजजी म्हणाले, आमची सून. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. साहेब वहीवरून वर बघत राहिले आणि मग हसू लागले. त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली, झिबलबाबाकडूनच. ती ऐकताना ते बाबाशेजारी कठड्यावर टेकले, त्यांच्या पांढऱ्या पँटला काळं लागलं, आणि ते त्यांना उठेपर्यंत कळलं नाही. थांबा काढायचं नाव त्यानंतर कोणी घेतलं नाही. पुढे रुंद रुळांची मोठी लाइन आली तेव्हाही स्टेशन राहिलं. नाव आजही बोरटोलाच आहे.

त्या दिवशी साडेचारच्या गाडीची वाट बघत होतो तेव्हा काशिरामजींनी बाबाचा उजवा हात धरून वर केला. बोटं पार काळी होती.

"बाबा," ते म्हणाले, "डांबरचोर शोधायला निघालं, तर आळ आधी तुमच्याच हातावर येईल बघा."

सगळे हसले. बाबाही हसला. सगळ्यात जास्त मी हसलो आणि मला उचकी लागली.

पाटीला पुन्हा कधी डांबर लागलं नाही. झिबलबाबा त्यानंतर सहा वर्षं जगला. म्हातारपणी त्यानं वाचायचं शिकून घेतलं, निदान एवढे दोन शब्द, आणि कोणी आलं की कठड्याशी नेऊन वाचून दाखवायचा. आता तो नाही, म्हणून मी हे सांगतो आहे.

पुढच्या वर्षी चिचखेड्यात एका दुकानाची पाटी रंगवायला गेलो होतो. काशिरामजींनी मला कोपऱ्यात घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की ते डांबर आमच्याच पोरांचं होतं, पण त्या दिवसापासून मी त्यांना असा दम दिला की आता कोणाची हिंमत नाही, कोणाला बोलू नको. मी म्हटलं, नाही बोलणार. संध्याकाळी गाडीची वेळ होईपर्यंत बोरटोल्यात हेमराजजींकडे चहाला बसलो. त्यांनी पोरांना बाहेर पाठवलं, दार लोटलं, आणि गळा साफ करून म्हणाले, "पेंटर, एक सांगतो. ते डांबर आमच्याकडचंच होतं."

मी चहा संपवला आणि त्यांनाही शब्द दिला.